पुढेमागे लागेल

१९९९ साली घरात कॉम्प्युटर आणायचे दोन रस्ते होते. पहिला सरळ. एचसीएल, विप्रो, झेनिथ, कॉम्पॅक यांपैकी कुणाच्या तरी शोरूममध्ये जायचं, एसीत बसायचं, दिलेलं गार पाणी प्यायचं आणि चेक फाडून घरी यायचं. मागाहून खोकी येत, टाय लावलेला एक मुलगा वायरी जोडून देई, सही घेई आणि बूट घालून निघून जाई. दुसरा रस्ता लॅमिंग्टन रोडचा. तिथे कॉम्प्युटर मिळत नसे, कॉम्प्युटरचे अवयव मिळत. त्यातले कुठले घ्यायचे, कुणाचं कुणाशी पटतं आणि न पटल्यास कुणाला बदलून आणायचं, हे सगळं घेणाऱ्याच्या डोक्यावर. भाव शोरूमपेक्षा बराच कमी. बिल मागितलं तर तितका कमी नाही.

आमच्या ओळखीतल्या झाडून सगळ्यांनी दुसरा रस्ता धरला होता. कारण विचारलं की जो तो पैशाचं सांगे, पण ते अर्धंच खरं. शोरूमचा कॉम्प्युटर पुरा होऊन आलेला असतो. त्यात घासाघीस नाही, सल्लामसलत नाही, आणि मुख्य म्हणजे 'पुढेमागे'ला जागा नाही. पोराची शाळेची चड्डी घेताना आपण दोन इयत्ता पुढचं माप घेतो आणि तोवर पट्टा आवळतो. कॉम्प्युटरही तसाच घ्यायचा, आज लागतो त्याहून दोन मापं मोठा, म्हणजे वाढत्या अंगाला होतो. पोरगं वाढतं तसा कॉम्प्युटर वाढत नाही, ही बारीकशी अडचण त्या वेळी कुणी लक्षात घेतली नव्हती.

आम्हाला हवा होता 'मल्टिमीडिया'. सौ.च्या मते मल्टिमीडिया म्हणजे मुलीने पडद्यावर फिरती पृथ्वी बघायची आणि भूगोलात पैकीच्या पैकी आणायचे. वडिलांना मराठीत टाइप करायचं होतं, कारण सोसायटीच्या नोटिशींमधलं सेक्रेटरींचं शुद्धलेखन त्यांना सहन होत नव्हतं. मला गाणी ऐकायची होती, पण ते बोलायची सोय नव्हती. बँकेच्या कर्जाच्या अर्जावर 'पाल्याचे शिक्षण' असं मीच लिहून दिलं होतं. आणि ठाण्याचा भाचा, जो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे या प्रकरणातला आमचा तज्ज्ञ होता, त्याला गेम खेळायचे होते. कॉम्प्युटर आमच्या घरी असणार, ही गोष्ट त्याने मनावर घेतली नव्हती.

खरं तर मल्टिमीडिया म्हणजे काय हे अमेरिकेत कधीच कागदावर ठरून गेलं होतं. १९९१ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी मिळून एमपीसी नावाचं मानक काढलं: १६ मेगाहर्ट्झचा ३८६ प्रोसेसर, २ एमबी रॅम, ३० एमबीची हार्ड डिस्क, सेकंदाला १५० किलोबाइट वाचणारा सीडी ड्राइव्ह आणि साउंड कार्ड. एवढं असलं की खोक्यावर मल्टिमीडियाचा शिक्का मारायला मोकळीक. १९९३ ला दुसरी पातळी आली, १९९६ ला तिसरी. तिसरीत ७५ मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि ८ एमबी रॅम. आम्ही बाजारात उतरलो तेव्हा लॅमिंग्टन रोडवर इतका हलका माल हवा असता तर भंगारवाल्याकडे जावं लागलं असतं. म्हणजे कायद्याने बघितलं तर त्या रस्त्यावरचा प्रत्येक कॉम्प्युटर मल्टिमीडियाच होता. तरी प्रत्येक दुकानदार 'सादा' आणि 'मल्टिमीडिया' असे दोन भाव सांगत होता आणि आम्ही दुसरा भाव अभिमानाने विचारत होतो.

दसऱ्याला घरात यंत्र आणायचं म्हणून आदले काही शनिवार आम्ही ग्रँट रोडला उतरायला लागलो. वडील, मी आणि भाचा. लॅमिंग्टन रोडला पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. मुंबईच्या एका गव्हर्नर साहेबाचं नाव मात्र कॅबिनेटच्या खोक्यांमुळे तगून राहिलं आहे. वडिलांना हा रस्ता 'मिनर्व्हा'चा म्हणून माहीत. तिथे 'शोले' पाच वर्षं चालला होता, आणि वडील दर शनिवारी त्या थिएटरासमोर घटकाभर थांबून मगच पुढे येत. दुकानं अशी की पुढे एक टेबल, मागे एक शिडी, शिडीवर पोटमाळा, पोटमाळ्यावर माल. गिऱ्हाइकाने टेबलापाशी उभं राहून नाव घ्यायचं, दुकानदाराने मान वर करून तेच ओरडायचं, आणि वरून एक हात खोकं घेऊन खाली यायचा. त्या हाताचा मालक आम्ही कधी पाहिला नाही.

प्रत्येक दुकानात डॉट मॅट्रिक्सवर छापलेली रेट लिस्ट असे आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही असे. 'सुबह का रेट है' असं म्हणून दुपारी ती बाजूला सरकवली जाई. त्या मोसमात सगळ्यांत उड्या मारत होती ती रॅम. २१ सप्टेंबरला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, तिथल्या चिपच्या कारखान्यांची वीज गेली आणि जगभर मेमरीचे भाव चढले. हे पेपरात आलंच होतं. पण लॅमिंग्टन रोडला तो भूकंप फारच मनाला लागला होता.

"अर्थक्वेक हुआ ना, अंकल," दुकानदार हळहळत म्हणाला.

वडिलांनी पोटमाळ्याकडे बघितलं. "हा माल भूकंपाच्या आधीचा की नंतरचा?"

"माल तो पहले का है. रेट आज का है."

"म्हणजे यांची रॅम त्या रात्री तैवानला झोपायला गेली होती," वडील मला म्हणाले. १२८ एमबी घ्यायचं ठरवून गेलो होतो, ६४ घेऊन आलो. बोर्डावर रॅमच्या दोन खाचा रिकाम्या राहिल्या. भाच्याला याचं वाईट वाटलं नाही. पुढेमागे भरता येतील, तो म्हणाला.

प्रोसेसरच्या बाबतीत आमच्या बँकेत दोन तट होते. पेंटियम थ्री फेब्रुवारीतच आला होता, पण त्याची किंमत ऐकूनच आम्ही त्याला नमस्कार केला. खाली उरले दोघे: इंटेलचा सेलेरॉन आणि एएमडीचा के६-२. यात नियम एकच. ज्याच्या घरी जो, त्याच्या मते तो उत्तम. स्वतःच्या घरचा प्रोसेसर चुकला असं म्हणणारा माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. के६-२ वाल्यांचे पुढारी आमचे हेड कॅशियर. "सेलेरॉन घेऊ नका," ते नोटांचा गठ्ठा बांधता बांधता म्हणाले, "त्याला कॅश नसते." हे १९९८ च्या पहिल्या सेलेरॉनपुरतं खरं होतं. त्याला एल-टू कॅश नव्हती आणि तो त्यापायी बदनामही झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने ३००ए काढून १२८ केबी कॅश दिली, पण ही बातमी कॅश काउंटरपर्यंत पोचली नव्हती.

त्या ३००ए ची आणखी एक ख्याती होती. बोर्डाची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की बहुतेक वेळा तो ३०० चा ४५० होऊन निमूटपणे चाले. फुकटात दीडपट. भाच्याने हा बेत जेवणाच्या टेबलावर मांडला.

"कंपनीने किती लिहिलंय?" वडिलांनी विचारलं.

"तीनशे."

"मग तीनशे."

रेल्वेच्या सिग्नल खात्यात हयात गेलेल्या माणसाकडून वेगमर्यादेबाबत दुसरी अपेक्षा नव्हती. आम्ही सेलेरॉन ४०० घेतला. तो चारशेनेच चालला.

मदरबोर्डावर मात्र खरी लढाई झाली. दुकानदार इंटेलच्या ८१० चिपसेटचा बोर्ड पुढे करत होता. डिस्प्ले आत, साउंड आत. "सब ऑनबोर्ड है अंकल, डालने का कुछ है ही नहीं." स्वस्तही होता. आता मागे वळून बघतो तेव्हा फिरती पृथ्वी, नोटिशी आणि गाणी या तिन्ही गोष्टी त्या बोर्डाने हसत केल्या असत्या हे स्पष्ट दिसतं. पण भाच्याने मला बाहेर फुटपाथवर नेलं.

"मामा, याला डिस्प्ले कार्डाचा एजीपी स्लॉटच नाही."

"आपल्याला तो कशाला लागतो?"

"आत्ता नाही लागत. पुढेमागे."

या शब्दापुढे मी आजवर कधी टिकलेलो नाही. गॅलरीत ठेवलेली जुन्या फ्रिजची फळी, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या, लग्नात आलेलं आणि अजून खोक्यातच असलेलं सहावं घड्याळ, हे सगळं याच शब्दाच्या जिवावर आमच्या घरात राहतं. आम्ही ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड घेतला. एक एजीपी, चार पीसीआय, दोन आयसा. डिस्प्लेला एसआयएस ६३२६ चं वेगळं कार्ड घेतलं, साउंडला वेगळं कार्ड घेतलं, म्हणजे जे फुकट मिळत होतं ते विकत घ्यायची सोय झाली. मग उरलेल्या स्लॉटांची वाटणी. एक टीव्ही ट्यूनरला. एक स्कॅनरच्या कार्डाला. एक नेटवर्क कार्डाला, 'दुसरा कॉम्प्युटर घेतला की'. पहिला अजून पोटमाळ्यावर होता आणि आम्ही दुसऱ्याशी त्याची तार जोडायची तजवीज करत होतो. आयसाचा एक वडिलांनी राखून ठेवला. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड घातलं की देवनागरी येते, असं त्यांना रेल्वेतल्या जुन्या स्नेह्यांनी सांगितलं होतं. ती गोष्ट डॉसच्या काळातली. एव्हाना विंडोजवर मराठी सॉफ्टवेअरने येत होतं, श्रीलिपी घेतली की तिचं कुलूप प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचं आणि कामाला लागायचं. पण राखलेली जागा वडिलांनी सोडली नाही.

त्या रिकाम्या स्लॉटांत पुढे काहीच आलं नाही असं नाही. जोडणी करताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याच्या पट्ट्या भाच्याने उत्साहाच्या भरात सगळ्याच तोडल्या होत्या. त्या तोडता येतात, परत लावता येत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्या फटीतून एक पाल आत शिरली आणि टीव्ही ट्यूनरच्या जागी राहू लागली. मेकॅनिकने तिला चिमट्याने बाहेर काढलं आणि व्हिजिट चार्ज लावला. दुरुस्ती कशाची, या रकान्यात त्याने 'स्लॉट क्लीनिंग' असं लिहिलं.

साउंड कार्डाला फार वेळ लागला नाही. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर १९८९ पासून इतकं रुळलं होतं की बाकीची सगळी कार्डं आपण 'साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल' आहोत एवढंच छातीठोक सांगत. आम्ही त्या कम्पॅटिबलांतलं एक घेतलं. वेळ गेला तो स्पीकरपाशी.

स्पीकरच्या खोक्यावर वॉट लिहिलेले असत आणि ते असे लिहिलेले असत की खोकं लहान पडावं. ३०० वॉट, ४८० वॉट, ७०० वॉट. शेवटी बारीक अक्षरात पीएमपीओ. या पीएमपीओला ठरलेलं असं मोजमाप नाही. क्षणाच्या कुठल्याशा अंशात, सगळं जुळून आलं तर, जो धक्का बसेल म्हणून कंपनीला वाटतं तो हा आकडा. भाच्याने ४८० ची जोडी उचलली. वडिलांनी खोक्यात हात घालून आतला अॅडॉप्टर काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या पाठीवरची अक्षरं उजेडाकडे धरून वाचली.

"आउटपुट नऊ व्होल्ट, पाचशे मिलिअँपिअर." मग दुकानदाराला, मराठीतच, कारण हिशोब ते मराठीतच करत: "नवाला अर्ध्याने गुणा. साडेचार वॉट आत जाणार. बाहेर चारशे ऐंशी कसे येतात?"

"अंकल, वो पीएमपीओ है."

"असू दे. वरचे चारशे साडेपंच्याहत्तर कुठून आणता?"

दुकानदाराने पोटमाळ्याकडे बघितलं. वरचा हातसुद्धा निरुत्तर होता.

"हे वीज मंडळाला कळवायला हवं," वडील अॅडॉप्टर परत खोक्यात ठेवत म्हणाले. "कोयनेची टर्बाइनं बंद ठेवता येतील."

आम्ही शेवटी ७०० वॉटचे घेतले, कारण अॅडॉप्टर त्यांनाही तोच होता आणि रंग बरा होता. वडिलांच्या हिशोबाच्या वहीत अजून ती नोंद आहे: 'स्पीकर नग दोन, साडेचार वॉट.'

एकदा हा गुणाकार करायचा नाद लागल्यावर मग कुठलाच आकडा सरळ बघवेना. १५ इंची मॉनिटरचं दिसणारं चित्र १३.८ इंच, बाकीची काच प्लॅस्टिकच्या चौकटीखाली. ५६के मोडेम टेलिफोन खात्याच्या आमच्या लाइनवर ५६ चं तोंडही बघणार नव्हता. सीडी ड्राइव्ह ४०एक्स. एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, तेव्हा ४०एक्स म्हणजे ६०००. पण तेही तबकडीच्या अगदी बाहेरच्या कडेला. वाचायला सुरुवात होते आतून, आणि तिथे वेग निम्म्याच्या आसपास. शिवाय गाण्याच्या सीडीला लागतो एक एक्स आणि सिनेमाच्या व्हीसीडीलाही एकच. उरलेले एकोणचाळीस एक्स पुढेमागेचे. ते आपलं अस्तित्व रात्री दाखवत. एखादा प्रोग्रॅम टाकताना ड्राइव्ह पूर्ण वेगात आला की खालच्या काकू जिना चढून येत आणि विचारत, "एवढ्या रात्री काय वाटताय?" त्या बाजारात एकच आकडा खरा होता, तो म्हणजे खाली बेरीज करून लिहिलेला. पन्नास हजारांच्या आत-बाहेर. यूपीएस त्यात नव्हता. आम्ही डोंबिवलीत राहतो म्हटल्यावर तो दुकानदाराने न विचारताच वर चढवला. त्या वर्षी प्रत्येक खोक्यावर 'वायटूके रेडी'चा गोल स्टिकर होता, अगदी स्पाइक गार्डावरही. २००० साल उजाडल्यावर प्लगचा बोर्ड गोंधळून जाऊ नये, ही काळजी कुणीतरी घेतली होती.

माल घरी न्यायचा तो आपणच. टॅक्सीने सीएसटी, तिथून लगेजच्या डब्यात. १५ इंची मॉनिटर म्हणजे मांडीवर धरलेलं तिसरीतलं पोर, फक्त ते अंग चोरत नाही. समोर मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन दोन मावश्या बसल्या होत्या. त्यातल्या एकीने घाटकोपर येईपर्यंत खोकं निरखलं.

"टीव्ही का रं?"

"नाही मावशी, कॉम्प्युटर."

"शिरेली दिसत्यात त्यात?"

"नाही."

तिने दुसरीकडे बघितलं आणि दोघींनी पाट्यांवर माना टेकल्या. पुढे टीव्ही ट्यूनरचं मी सांगणार होतो, पण ऐकायला कोणी जागं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी जेवणाचं टेबल मोकळं केलं, चादर अंथरली. सौ.ने सगळ्या खोक्यांना ओळीने हळदकुंकू लावलं, थर्माकोललाही लागलं. भाच्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पहिल्या मिनिटाला बोट कापून घेतलं. तेव्हाच्या कॅबिनेटचा पत्रा आतल्या बाजूने घासलेला नसे. घरी कॉम्प्युटर जोडलेल्या त्या पिढीच्या प्रत्येक माणसाच्या हातावर त्याची खूण सापडेल. वडिलांनी कापसाला तेल लावून बोटाला बांधलं आणि "शस्त्रपूजेचा दिवस आहे," एवढंच म्हणाले.

बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळेचे छोटे खुंट. त्यावर बोर्ड, बोर्डात सेलेरॉन उभा, शेजारी रॅमची पट्टी. रॅम बसवताना इतका जोर लावावा लागतो की बोर्ड कमरेत वाकतो, आणि बघणाऱ्याचा जीव पन्नास हजारांच्या हिशोबाने खालीवर होतो. मग दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या टक्कन वर येतात. हार्ड डिस्कच्या रुंद पट्टी-केबलला एका कडेला लाल रेघ असते. ती रेघ विजेच्या खाचेकडे ठेवायची. हे वडिलांनी एकदा ऐकलं आणि मग तिथेच उभं राहून प्रत्येक केबलला स्वतः हिरवा दिवा दाखवला. शेवटी उरतात त्या कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या बारीक दुहेरी तारा. त्या बोर्डाच्या एका कोपऱ्यातल्या टाचणीएवढ्या पिनांत घालायच्या असतात, आणि कुठली कुठे हे ज्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं ती पुस्तिका तैवानी माणसाने इंग्रजीत लिहिलेली असते. या एका कामाला दुपार झाली. पुरणाचा वास स्वयंपाकघरातून येत होता आणि भाचा बॅटरी दातांत धरून 'पॉवर एलईडी प्लस' शोधत होता.

बटण दाबलं. पंखा फिरला, एक बारीकशी पीं झाली. एकच पीं आली म्हणजे सगळं ठीक, हे फक्त भाच्याला माहीत होतं, त्यामुळे तो एकटाच हसला आणि आम्ही बाकीचे पुढच्या पींची वाट बघत बसलो. मार्करने 'विन ९८' लिहिलेल्या सीडीतून विंडोज चढलं. ती सीडी कुठून आली हे मी विचारलं नाही. ८.४ जीबीची हार्ड डिस्क पडद्यावर ७.८ जीबी दिसली.

"सहाशे एमबी कुठे गेल्या?" वडील.

"कंपनी हजाराने मोजते, आजोबा. विंडोज हजार चोवीसने मोजतं."

"मापात पाप," वडील म्हणाले आणि वहीत ७.८ लिहिलं.

मग गाण्याची सीडी घातली. पडद्यावर सेकंद पळू लागले, ड्राइव्हचा दिवा लुकलुकू लागला, आणि आवाज शून्य. भाच्याने ड्रायव्हर पुन्हा टाकला, कंट्रोल पॅनेलमधली सगळी चित्रं उघडून बघितली, स्पीकर उलटेपालटे लावले. विंडोजची आपली टिंग टिंग ऐकू येत होती, गाणं मात्र नाही. भाच्याचा संशय आता कार्डावर, मग ड्रायव्हरवर, मग दुकानदाराच्या नियतीवर फिरत होता. वडील स्टूल घेऊन उघड्या कॅबिनेटपाशी बसले.

"गाणं कुठे आहे?"

"ड्राइव्हमध्ये."

"स्पीकर कशाला जोडलाय?"

"साउंड कार्डाला."

"मग ड्राइव्हपासून कार्डापर्यंत कुठली तार जाते?"

जात नव्हती. सीडीचं गाणं त्या काळी पट्टी-केबलमधून येत नसे; ड्राइव्हच्या पाठीमागून साउंड कार्डापर्यंत एक वेगळी चार पिनांची तार लागे. ती स्क्रूंच्या पुडीत, बारक्या वेटोळ्यात, आम्ही 'जास्तीचं सामान' म्हणून पुढेमागेसाठी बाजूला ठेवून दिली होती.

संध्याकाळी सोनं द्यायला मजला लोटला. आपट्याची पानं मॉनिटरवर साचली. कॉम्प्युटर आणलाय म्हटल्यावर काहीतरी दाखवणं भागच होतं. फिरती पृथ्वी अमेरिकेपर्यंत येता येता मंडळी गप्पांत रमली, म्हणून भाचा धावत जाऊन लायब्ररीतून व्हीसीडी घेऊन आला. चौदा गाण्यांचा, लग्नाचा, तीन तासांच्या वरचा सिनेमा. व्हीसीडीवर ७४ मिनिटं मावतात, त्यामुळे असल्या सिनेमाचे तीन तुकडे. मॉनिटर वळवून सोफ्याकडे केला. पोरं जमिनीवर, बायका सोफ्यावर, पुरुष भिंतीला टेकून. व्हीसीडीचं चित्र असतं ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. ते पडदाभर ताणलं की नायिकेचं नाक चौकोनी दिसतं.

"हे टीव्हीवर नाही का हो लावता येत?" खालच्या काकूंनी विचारलं. आमचा टीव्ही शेजारीच होता, २१ इंची, कव्हर घातलेला.

"येतं काकू, पण त्याला वेगळं कार्ड लागतं," भाचा म्हणाला. "स्लॉट आहे आपल्याकडे."

पहिली सीडी एका गाण्याच्या मधोमध संपली. बायका चहा टाकायला उठल्या. भाच्याने खोकं उघडलं, दोन्ही कप्पे तपासले, खोकं हलवून बघितलं. आत दुसरी सीडी नव्हती. तिसरी होती. लायब्ररी दसऱ्याची लवकर बंद झालेली, आणि दुसरी सीडी बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी एकटीच चालू असावी. घरभर पाहुणे, हातात चहा. भाच्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने गुपचूप तिसरी आत सरकवली.

पुन्हा एक गाणं चालू झालं. मंडळी बसली, रडायच्या जागी बायका रडल्या, कुत्र्याच्या जागी पोरांनी टाळ्या वाजवल्या. साडेनऊला सगळे उठले. छान आहे कॉम्प्युटर, असं प्रत्येकाने सांगितलं. दार लावून आल्यावर मी वडिलांना म्हणालो की मधली एक सीडी राहूनच गेली.

"मधे काही गेलंय असं वाटलं नाही," वडील म्हणाले. "आवाज मात्र चांगला आहे. साडेचार वॉटच्या मानाने."